मोटरसायकलवर पिस्तूल बाळगायचं असेल, तर आधी पडण्याचा विचार करा

प्रश्न विचारणारे गृहस्थ ह्यूस्टनजवळ राहतात. ग्रीन कार्ड झालं आहे, क्रूझर, म्हणजे पाठ ताठ ठेवून बसायची मोठी बाईक, घेतली आहे, टेक्सासचा हँडगन परवाना काढायच्या बेतात आहेत. ऑफिसला बाईकने जातात, शनिवार-रविवारी हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, भटकतात, कधी पत्नी मागे बसलेली असते. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कमरेच्या मागे, बरोबर मणक्यावर लावायचं त्यांच्या मनात आहे, कारण तिथे पिस्तूल जॅकेटखाली दिसत नाही. शिवाय रस्त्यात कुणी मुद्दाम गाडी अंगावर घातली, तर ते चटकन हाताशी यावं अशी अपेक्षा आहे. मी टेक्सासमध्ये हँडगनचे वर्ग घेतो आणि त्याच्या कितीतरी आधीपासून बाईक चालवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मणक्यावर नको. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. माणूस बाईकवरून पाठीवर पडतो तेव्हा शरीराचा आणि वेगाचा सगळा भार जमिनीला टेकलेल्या पहिल्या कठीण वस्तूवर येतो. ती वस्तू मणक्याला चिकटलेलं पोलाद असेल, तर मार कुठे बसणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आपण पाठीच्या पॅडसाठी चांगले पैसे मोजून जॅकेट घेतो आणि त्याच पॅडखाली पिस्तूल खोचतो, हे बरोबर नाही. पोलिसांच्या पट्ट्यावरही मागच्या मधल्या भागात बेड्या लावू नका असं त्यांचे प्रशिक्षक बजावतात, ते याच कारणासाठी.

कारमधलं पिस्तूल बाळगणं आणि बाईकवरचं बाळगणं यात खरा फरक इथेच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत ६,२१८ मोटरसायकलस्वार रस्त्यावर मेले. दर मैलामागे हिशेब केला तर बाईकवर मरण्याची शक्यता कारमधल्या माणसाच्या वीसपटीहून जास्त निघते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ चा आहे आणि तो आजही शिकवला जातो. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत चूक बाईकवाल्याची नव्हती, समोरच्या गाडीने त्याचा रस्ता अडवला होता. म्हणजे तुम्ही कितीही नीट चालवलीत तरी एखाद्या दिवशी कुणीतरी तुम्हाला न बघता डावीकडे वळणार आहे. ज्या दिवशी पिस्तुलाची खरंच गरज पडेल तो दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. आडवं पडण्याचा दिवस मात्र बऱ्याच जणांच्या आयुष्यात येतो. म्हणून जागा निवडताना ‘हात किती लवकर पोचेल’ हा प्रश्न दुसरा. ‘पडलो तर हे कुठे रुतेल, कुणाकडे रोखलेलं असेल, आणि माझ्याजवळच राहील का’ हा पहिला.

या चाळणीतून एकेक जागा काढून बघू.

पोटाच्या पुढच्या बाजूला, पट्ट्याच्या आत पिस्तूल ठेवायची पद्धत सध्या जोरात आहे. कारमध्ये आणि चालताना ती मलाही आवडते. बाईकवर मात्र समोर पेट्रोलची टाकी असते. समोरून धडक बसली की स्वार पुढे सरकतो आणि ओटीपोट टाकीवर आदळतं. बाईकवाल्यांमध्ये कमरेच्या हाडाची मोडतोड अशीच होते. त्या दोहोंच्या मध्ये पिस्तूल असलं तर इजा वाढणार. स्पोर्ट बाईकवर पुढे झुकून बसायचं असतं, तिथे तर ते पहिल्या अर्ध्या तासातच बरगड्यांखाली टोचायला लागतं. मग माणूस चालता चालता हाताने ते सरकवायला जातो, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. तुमच्या क्रूझरवर पाठ ताठ असते, तिथे टोचणार नाही, पण टाकी आहे तिथेच आहे. मी ही जागा बाईकवर सुचवत नाही.

खांद्याच्या होल्स्टरचं आकर्षण मला कळतं. बसल्या जागी हात पोचतो, वर जॅकेटची चेन लावली की दिसत नाही. पण बहुतेक खांद्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल काखेखाली आडवं असतं आणि नळी मागे रोखलेली असते. मागे तुमची पत्नी बसलेली आहे. यावर अजून काही लिहायची गरज नाही. एकटे असाल तरी बाईकच्या अपघातात बरगड्या आणि गळपट्टीचं हाड पुष्कळदा मोडतं, आणि पिस्तूल नेमकं बरगड्यांवरच बसलेलं असतं.

घोट्याला बांधायचं होल्स्टर गिअर आणि ब्रेकच्या पायाजवळ येतं, सायलेन्सरची धग लागते, आणि उंच बूट घातले तर ते बांधताच येत नाही. बाईक आडवी पडली की सगळ्यात आधी तिच्याखाली सापडतो तो पाय. जॅकेटच्या आतल्या खिशाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण चामडी व्हेस्ट आणि जॅकेटं विकणारे ‘पिस्तुलाचा खास खिसा’ म्हणून ते विकतात. खिशात पिस्तूल नुसतं टाकलं तर ट्रिगर उघडा राहतो. किल्ली, पेन, चेनची पट्टी, काहीही त्यात अडकू शकतं. खिशात घट्ट बसणारं, ट्रिगर झाकणारं वेगळं होल्स्टर असलं तरी दुसरा प्रश्न सुटत नाही: टेक्सासच्या उन्हात तुम्ही ढाब्यावर थांबलात की पहिलं काम जॅकेट काढायचं करता. ते खुर्चीच्या पाठीवर टांगलं जातं आणि त्यातलं पिस्तूल कुणाच्याही हाताच्या अंतरावर येतं. पाठीवरच्या सॅकचीही तीच गत, शिवाय पाठीवर पडण्याचा मुद्दा आहेच.

राहता राहिली कंबर, आणि मी तिथेच ठेवायला सांगतो. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या बाजूला, कमरेचं बाहेर आलेलं हाड ओलांडून किंचित मागे, हाड आणि मागचा खिसा यांच्या मधल्या मऊ भागात, पट्ट्याच्या आत. कुशीवर पडलात तर पहिला मार कमरेच्या हाडाला आणि तिथल्या पॅडला बसतो, पिस्तूल थोडं मागे राहतं. पाठीवर पडलात तर मणका मोकळा असतो. ही जागा निर्धोक आहे असं मी म्हणत नाही, बाकीच्यांपेक्षा बरी आहे. पिस्तूल अरुंद आणि आखूड घ्या. रेंजवर मोठ्या पिस्तुलाचा नेम चांगला लागतो म्हणून तेच बाईकवर न्यायचा हट्ट नको. एअरबॅगवालं व्हेस्ट वापरत असाल तर फुगणाऱ्या भागाखाली कुठलीही कठीण वस्तू येता कामा नये. व्हेस्ट कमरेपर्यंत खाली येत असेल, तर त्या दिवशी पिस्तूल अंगावर नाही.

आता होल्स्टर. कडक प्लॅस्टिकचं, म्हणजे कायडेक्सचं, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारं, आणि पिस्तूल आत बसताना ‘खट्’ आवाज येणारं. मऊ कापडी किंवा झिजून ढिलं झालेलं चामडी होल्स्टर घडी पडून ट्रिगरवर दाबलं जाऊ शकतं. रिकामं पिस्तूल घालून ते होल्स्टर पलंगावर उलटं धरून जोरात हलवा. पिस्तूल बाहेर पडलं तर ते होल्स्टर बाईकसाठी बाद. पडताना माणूस घसरतो, गडगडतो. त्या वेळी सुटलेलं भरलेलं पिस्तूल हायवेवर कुठेतरी पडलेलं असणं हे माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात वाईट चित्र आहे. म्हणून बाईकसाठी वरून बटणाची पट्टी किंवा अंगठ्याने सोडायचा खटका असलेलं होल्स्टर मी जास्त मानतो. बाहेर काढायला अर्धा सेकंद जास्त लागेल, लागू दे. आणि पट्टा पिस्तुलासाठी बनवलेला, न वाकणारा हवा. नेहमीच्या ऑफिसच्या पट्ट्यावर वजन लोंबकळतं आणि होल्स्टर बाहेर झुकतं.

बाईकचा थरथराट होल्स्टरचे स्क्रू सैल करतो. क्लिपचे दोन आणि घट्टपणा ठरवणारे एक-दोन, इतकेच स्क्रू असतात. त्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावा आणि दर काही दिवसांनी स्क्रूड्रायव्हरने तपासा. पिस्तुलावर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी छोटी दुर्बीण) बसवला असेल तर त्याचेही स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवली की तो फिरला आहे का, हे नुसत्या नजरेने कळतं.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना. अनवधानाने गोळी सुटण्याचे प्रसंग पुष्कळदा याच क्षणी घडतात, आणि बाईकवाल्याच्या अंगावर तर ते घडवणारं सगळं सामान असतं. रायडिंग जॅकेटच्या खालच्या शिवणीतून एक इलॅस्टिकची दोरी जाते आणि तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा प्लॅस्टिकचा खटका असतो. तुम्ही जॅकेट वर सारून पिस्तूल खाली ढकलता, तो खटका होल्स्टरच्या तोंडात येतो, ट्रिगर गार्डमध्ये शिरतो, पिस्तूल खाली जातं, ट्रिगर मात्र खटक्यावर अडतो. तुम्हाला फक्त जरा जड गेल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्ही आणखी दाबता. त्या दोऱ्या आजच कापून टाका, किंवा आत वळवून शिवून घ्या. हातमोज्यांचंही तसंच: जाड चामड्याच्या बोटाला ट्रिगरचा स्पर्श कळत नाही, ते गार्डमध्ये पूर्ण मावतही नाही. हातमोजे घालून पिस्तुलाला हात लावायचा नाही, हा नियमच करा. होल्स्टरमध्ये घालताना जड गेलं तर थांबा, पिस्तूल पूर्ण बाहेर काढा, बघा, मग पुन्हा घाला. घाई करायचं इथे काहीच कारण नसतं.

माझी रोजची पद्धत यातला बराच धोका टाळते. पिस्तूल आधीच होल्स्टरमध्ये असतं. घरून निघताना ते होल्स्टरसकट पट्ट्याला लावायचं आणि परत आल्यावर होल्स्टरसकट काढून तिजोरीत ठेवायचं. पिस्तूल होल्स्टरच्या बाहेर येतच नाही. याचा आणखी एक फायदा आहे. रोज रात्री चेंबरमधली गोळी काढून सकाळी तीच परत भरायची सवय पुष्कळांना असते. दर वेळी स्लाईड आपटते आणि काडतुसाचं शिसं कवचात थोडं थोडं आत ढकललं जातं. आतली जागा कमी झाली की उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. वर्गात मी विद्यार्थ्याचं असं वारंवार भरलेलं काडतूस आणि डब्यातलं नवं काडतूस शेजारी टेबलावर उभं करतो. उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. तसं काडतूस उडवायचं नाही, बाजूला काढायचं.

पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आतमध्ये अडसर असलेलंच मॉडेल घ्या. आजच्या चांगल्या पिस्तुलांत तो असतो, पण गृहीत धरू नका. सिग सावर कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या पी३२० पिस्तुलासाठी स्वतःहून सुधारणा जाहीर केली, ती ठरावीक कोनात पडल्यावर गोळी सुटत असल्याच्या चाचण्या समोर आल्यानंतर. जुनं सेकंडहँड पिस्तूल घेताना अशी दुरुस्ती झालेली आहे का हे क्रमांकावरून कंपनीकडे विचारता येतं. जुन्या काउबॉय धाटणीच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा हॅमर (घोडा) सरळ काडतुसावर टेकलेला असतो. रुगरने आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये १९७३ पासून ट्रान्स्फर बार, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा मार काडतुसाला लागू न देणारी पट्टी, घातला, त्याआधीची घरात असतील तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. आणि तसलं रिव्हॉल्व्हर बाईकवर न्यायचंच नाही.

पत्नी मागे असते त्या दिवसाचा विचार वेगळा करा. मागचा माणूस आधारासाठी तुमच्या कमरेला धरतो. त्याचा हात, गुडघा, जॅकेटची किनार, सगळं नेमकं होल्स्टरपाशी येतं. अचानक ब्रेक लागला तर ती जे हाताला लागेल ते पकडणार, आणि पकडायलाच हवं. म्हणून दोघं असताना पिस्तूल माझ्या अंगावर नसतं. ते बाजूच्या टणक डब्यात, आतून बोल्ट केलेल्या छोट्या पोलादी पेटीत कुलूपबंद असतं, होल्स्टरसकट. ही पेटी एकट्यालाही लागतेच, त्याचं कारण पुढे येईल. टाकीवरची चुंबकाची बॅग किंवा कापडी सॅडलबॅग ही पिस्तूल ठेवायची जागा नाही. ती कुणीही पाच सेकंदात काढून नेतो, आणि अपघातात ती बाईकबरोबर दूर निघून जाते.

आता तुमची दुसरी अपेक्षा: रस्त्यात कुणी त्रास दिला तर चटकन हाताशी यावं. बाईक चालवताना तुमचे चारही हातपाय कामात असतात. सिग्नलला उभे आहात असं धरा. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, डाव्या हाताने क्लच दाबलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, उजवा हात थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकवर. उजवा हात कमरेकडे गेला की थ्रॉटल गेला, म्हणजे तिथून निसटायचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलात. डावा हात सुटला तर गाडी हिसका देऊन बंद पडते आणि दोनशे-तीनशे किलोचा भार तुमच्या एका पायावर येतो. चालत्या बाईकवरून पिस्तूल काढायचं नसतं. यात कसबाचा प्रश्न नाही, ते काढायचंच नसतं. बाईकवाल्याचं संरक्षण म्हणजे सुटकेची वाट: पुढच्या गाडीच्या मागे एक गाडीभर जागा सोडून, किंचित तिरपे, गिअर टाकून थांबा, आरशात बघत राहा, आणि काही विचित्र वाटलं की निघा. कारला जी फट पुरत नाही ती तुम्हाला पुरते.

शिवाय कायदा. वाहतुकीतल्या भांडणात पिस्तूल दाखवणं, नुसतं जॅकेट बाजूला सारून दाखवणंसुद्धा, टेक्सासमध्ये गुन्हा ठरू शकतो. कुणावर रोखलंत तर ‘डेडली कंडक्ट’चं, म्हणजे जिवाला धोका होईल अशा वागण्याचं, कलम लागतं. समोरच्याने शिवी दिली, कट मारला, मधलं बोट दाखवलं, हे पिस्तुलाचे प्रसंग नाहीत. हेल्मेटमध्ये माणसाचा राग कोंडलेला राहतो, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे. ज्याला शिवीचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, त्याने पिस्तूल घरी ठेवून बाईक चालवावी, असं मी वर्गात तोंडावर सांगतो.

पोचल्यावर काय, हा प्रश्न कारवाल्याला फारसा पडत नाही आणि बाईकवाल्याला दिवसातून दोनदा पडतो. ज्या दुकानाची ५१ टक्के किंवा त्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून होते, त्याच्या दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी असते. तिथे पिस्तूल आत नेता येत नाही. ३०.०६ कलमाची पाटी लावलेल्या जागेत परवानाधारकाला लपवून नेता येत नाही. पोस्ट ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा संघीय नियमाने बंदी आहे. त्यावर कोर्टात वाद चालले आहेत, पण ते वाद तुमच्या नावावर चालायला नकोत. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगता येतं, पण आतल्या सरकारी इमारतींत नाही. म्हणजे बिग बेंडमध्ये रस्त्यावर चालतं आणि माहिती केंद्रात शिरताना चालत नाही. कारवाला डिकीत पेटी ठेवतो. तुमच्याकडे ती पोलादी पेटीच आहे, आणि तीही पुरेशी नाही, कारण बाईक दोघं-तिघं उचलून व्हॅनमध्ये घालतात. पेटी बाईकच्या चौकटीला साखळीने जोडा, बाईक नजरेसमोर लावा, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज आठ तास पिस्तूल सोडायचा बेत असेल तर तो मनातून काढून टाका. त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत जास्त उपयोगाचं आहे. पार्किंगमध्ये पिस्तूल काढ-घाल करताना लोकांच्या नजरेत भरू नका, आणि गोळ्या भरणं-उतरवणं तिथे मुळीच करू नका.

कायद्याच्या काही गोष्टी आपल्या मराठी मंडळींनी नीट समजून घ्यायला हव्यात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, अन्यथा पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. त्यामुळे ‘मग माझ्या एच-१बी वाल्या मित्रालाही चालेल’ असा समज पसरतो. चालत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा नुसती गोळी जवळ बाळगायलाही संघीय कायद्याने मनाई आहे; वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचा व्हिसा असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा दुसऱ्याकडे असू नये. वकिलाला विचारून घ्या. आणि तुमच्यासारख्या ग्रीन कार्डधारकांसाठी: शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारी होऊ शकते. नागरिकाला दंडावर सुटणारी चूक तुम्हाला घरादारासकट महागात पडेल.

परवाना जरूर काढा, कायद्याने सक्ती नसली तरी. त्याचं एक कारण शाळा आहेत. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करणारा संघीय कायदा मूळचा १९९० चा. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला, तो खटला आपल्या सॅन अँटोनियोतल्याच एका शाळेतून निघाला होता. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो सुधारून परत आणला. ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत ठेवलं तरी सूट आहे. बाईकवरून शहर ओलांडताना तुम्ही किती शाळांवरून जाता ते नकाशावर बघा. परवान्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात; ते कठीण नाही, पण त्या निमित्ताने कायद्याचा वर्ग होतो.

राज्याबाहेर जाणार असाल तर प्रत्येक राज्याचे नियम निघण्याआधी वाचा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय ही राज्यं टेक्सासचा परवाना मानत नाहीत. अशा राज्यातून फक्त पार जायचं असेल आणि दोन्ही टोकांना तुमचं बाळगणं कायदेशीर असेल, तर संघीय कायदा वाट देतो: पिस्तूल रिकामं, आणि सहज हाताला न लागेल अशा कुलूपबंद पेटीत. सीमेपलीकडे मेक्सिकोत मात्र काही नाही, एक गोळीसुद्धा नाही. बिग बेंडजवळच्या रिव्हर रोडवरून जाताना मेक्सिको नदीपलीकडे दिसत असतो आणि जेवायला पलीकडे जाऊन येऊ असं वाटतं. त्या सहलीत पिस्तूल घरी ठेवा.

यातच आणखी एक. ज्या जॅकेटमध्ये किंवा सॅकमध्ये कधीही काडतूस ठेवलं होतं, ते भारतात जाताना न्यायचं नाही. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर स्कॅनमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, विमान चुकतं आणि पुढे कोर्टाच्या खेपा. पिस्तुलाच्या सामानासाठी वेगळी बॅग ठेवा आणि ती घराबाहेर रेंजशिवाय कुठे नेऊ नका.

पोलिसाने थांबवलं तर इंजिन बंद, दोन्ही हात हँडलवर दिसतील असे, उतरायचं नाही, हेल्मेट विचारल्याशिवाय काढायचं नाही. टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ असलेल्या परवानाधारकाने ओळखपत्र मागितल्यावर हँडगनचा परवानाही द्यायचा असतो. आता तुमचं पाकीट कुठे आहे ते बघा. बहुतेकांचं उजव्या मागच्या खिशात असतं, म्हणजे कागद काढायला हात थेट पिस्तुलाकडे जातो. लायसन्स, विमा, परवाना, सगळं जॅकेटच्या डाव्या बाहीच्या किंवा छातीच्या खिशात ठेवा. हात हलवण्याआधी शांतपणे सांगा: ‘ऑफिसर, माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, कागद डाव्या खिशात आहेत, काढू का?’ आणि होकाराची वाट बघा. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टाइल या परवानाधारकाने आपल्याकडे बंदूक असल्याचं पोलिसाला स्वतःहून सांगितलं, आणि त्यानंतर काही सेकंदांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याने काय चुकवलं असा प्रश्न मी विचारत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा हात त्या क्षणी हँडलवर असावा, एवढंच मला हवं असतं. ग्रुपने जाताना व्हेस्टवरच्या क्लबच्या पॅचेसचाही (शिवलेल्या चिन्हांचा) विचार करा. १७ मे २०१५ रोजी टेक्सासमधल्या वेको शहरात बाईकर टोळ्यांच्या आणि पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण मेले आणि पोलिसांनी १७७ जणांना एकगठ्ठा अटक केली. त्यांतल्या एकावरही शेवटी काही सिद्ध झालं नाही, पण त्यात त्यांची वर्षं गेली. आणि एक बिअर घेतली असेल तर ना बाईक, ना पिस्तूल.

शेवटी अपघात, जिथून सुरुवात केली होती. तुम्ही पडलात आणि शुद्धीवर आहात, तर कमरेकडे हात नेऊ नका, पिस्तूल जागेवर आहे का हे चाचपूही नका. लोक जवळ येतील त्यांना मोठ्याने सांगा की उजव्या कमरेला पिस्तूल आहे, हात लावू नका, पोलिसांना सांगा. डोक्याला मार लागलेला माणूस गोंधळलेला असतो, अंगावर येणाऱ्याला झटकतो. रुग्णवाहिकेतल्या लोकांना हे माहीत असतं आणि म्हणून अशा माणसाच्या कमरेचं पिस्तूल त्यांना उपचाराआधी बाजूला करावं लागतं. बेशुद्ध असाल तर ते कात्रीने जॅकेट आणि पँट कापतात. हेल्मेटवर किंवा जॅकेटच्या छातीच्या खिशात रक्तगट आणि घरचा नंबर असलेलं कार्ड ठेवतोच आपण. त्यावर पिस्तूल कुठे असतं ही एक ओळ इंग्रजीत लिहा. बरोबरच्या बाईकवाल्याला निघण्याआधी सांगून ठेवा. त्याचं काम पिस्तूल काढून घेणं नव्हे, ९११ ला फोन करताना ते आहे हे सांगणं. ते सुटून रस्त्यावर पडलं असेल, तर त्याने उचलू नये, फक्त तिथे उभं राहून कुणालाही उचलू देऊ नये, पोलीस येईपर्यंत. पिस्तूल पोलीस जप्त करून पावती देतात. क्रमांक आणि खरेदीची नोंद घरी असली की परत मिळवायला त्रास कमी.

हे सगळं वाचूनही बाळगायचंच असेल, तर पहिले काही आठवडे खरं पिस्तूल नका लावू. प्रशिक्षणासाठी तुमच्याच मॉडेलच्या आकाराचं, न चालणारं निळं पिस्तूल मिळतं. ते होल्स्टरमध्ये घालून पूर्ण पेहरावात ऑफिसला जा, पेट्रोल भरा, सार्वजनिक शौचालयात जा, पत्नीला मागे बसवा, हिल कंट्रीतल्या लेकी (Leakey) गावाजवळच्या तीन वळणदार रस्त्यांवर दिवसभर चालवा. जॅकेट वाऱ्याने किती वर सरकतं, हात किती वेळा नकळत तिकडे जातो, संध्याकाळी कुठे वळ उठतो, ते सगळं कळेल. मग कुठल्या दिवशी ते अंगावर हवं, कुठल्या दिवशी पेटीत आणि कुठल्या दिवशी घरी, हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.